आपल्या घराण्यांचे कागद आणि गावाचे दप्तर

ज्ञातीच्या स्मरणिकेत पराक्रमी पूर्वजांची चरित्रे येतात आणि ती यावीतच. शिवछत्रपतींच्या आरमारातील मायनाक भंडारी यांचे नाव आपल्याकडे आदराने घेतले जाते. परंतु ज्याचे नाव कोणत्याही बखरीत नाही, ज्याने आयुष्यभर माड चढून आणि भाताचा कुणगा कसून संसार केला, त्या आपल्या पणजोबांचे नाव कोठे लिहिलेले आहे, असे कोणी विचारले तर आपल्यापैकी बहुतेकांना उत्तर सुचत नाही. हा प्रश्न आता केवळ कुतूहलाचा राहिलेला नाही. मुलाला राखीव जागेवर प्रवेश मिळवावयाचा असो, ग्रामपंचायतीची निवडणूक लढवावयाची असो किंवा वडिलोपार्जित माडबागेस आपले नाव लावावयाचे असो, आजोबा-पणजोबांचा कागद पुढे ठेवावा लागतो. पुष्कळदा तो कागद अस्तित्वात असतो. आपण मात्र त्याचा शोध भलत्याच कचेरीत घेत असतो.

याचे मूळ आपल्या किनारपट्टीच्या इतिहासात आहे. कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया १६६४ साली घातला गेला. पुढे मालवण व हा किल्ला करवीरकर छत्रपतींच्या ताब्यात राहिला आणि १८१२ च्या तहाने तो इंग्रजांकडे गेला. त्याच वर्षी सावंतवाडीकरांनी वेंगुर्ले इंग्रजांच्या हवाली केले. उत्तरेकडे देवगड-विजयदुर्ग मात्र १८१८ पर्यंत पेशवाईत होते. कुडाळ आणि सावंतवाडी हा मुलूख तर १९४८ पर्यंत संस्थानचाच होता; त्या वर्षी तो रत्नागिरी जिल्ह्यास जोडला गेला. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीचे दोन भाग होऊन सिंधुदुर्ग जिल्हा झाला आणि ओरोस येथे त्याचे ठाणे वसले.

शाळेत ही सनावळी आपण कंटाळून पाठ केली असेल. कागद शोधणाऱ्यास मात्र तीच वाट दाखविते. कर्ली खाडीच्या उत्तरेस काळसे-धामापूर, दक्षिणेस नेरूर-वालावल. मध्ये अंतर होडीने पार करण्याचे. तथापि शंभर वर्षांपूर्वी अलीकडचा माणूस इंग्रजांचा रयत होता आणि पलीकडचा सावंतवाडीकरांचा. सोयरीक खाडीच्या दोन्ही तीरांना होत असे. दप्तर मात्र खाडी ओलांडीत नसे. ज्याचे आजोळ कुडाळकडचे आहे, त्याने मालवणच्या कचेरीत आजीच्या माहेरची नोंद कितीही धुंडाळली तरी ती हाती येणार नाही. म्हणून अर्ज लिहिण्यापूर्वी एक गोष्ट निश्चित करावी : ज्या वर्षाचा कागद हवा, त्या वर्षी ते गाव कोणाच्या अमलाखाली व कोणत्या तालुक्यात होते.

फार जुन्या काळाचे दप्तर मोठ्या अभिलेखागारांत आहे. करवीर दरबाराचे कागद कोल्हापुरास आहेत, पेशव्यांचे पुण्यास, आणि मुंबई इलाख्याचे मुंबईस, जेथे १८२१ पासून सरकारी कागद जतन केले जात आहेत. हे वाचून कोणी उत्साहाने पुण्याची गाडी पकडील, म्हणून सांगणे प्राप्त आहे की, या दप्तरांत मुख्यत्वे वतनदार, इनामदार, किल्लेदार यांचीच नावे भेटतात. जमीन कसणाऱ्याचे नाव लिहिण्याचे दरबारास कारण नव्हते. वसुलाशी त्याला काम होते, आणि वसूल ज्याच्याकडून येई त्याचे नाव वहीत राही.

आपल्या जिल्ह्यात हा नावाचा प्रश्न विशेष बिकट झाला तो खोतीमुळे. सर्वच गावे खोती नव्हती. धारेकरी होते, इनामेही होती. परंतु जेथे खोती होती तेथे गावचा आकार खोत सरकारात भरी आणि कुळाकडून धान्यरूपाने खंड घेई. सरकारला खोत माहीत होता, कूळ माहीत नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोजणी होऊ लागली, तेव्हा शेतवार कुळांची नावे व त्यांचे देणे लिहून घेण्याचा विचार सरकारने केला. खोतांनी त्यास कडवा विरोध केला. त्यांचा हिशेब बरोबर होता. एकदा नाव वहीत चढले की कुळाला हुसकणे अवघड होणार होते. वाद पुष्कळ वर्षे चालून अखेर १८८० चा खोती कायदा झाला. कुळांची शेते, त्यांचे हक्क आणि खोतास द्यावयाचे देणे यांची नोंद ज्या कागदात झाली, त्यास बोटखत म्हणतात. खोती गावातील कुळाच्या वंशजास पूर्वजांचे नाव सरकारी कागदात प्रथम भेटण्याचा संभव आहे तो येथे. आमच्या मते सातबाऱ्याच्या मागे जाऊ इच्छिणाऱ्याने खोती गावात प्रथम बोटखताचीच नक्कल मागावी.

पुढचा इतिहास बहुतेकांस ठाऊक आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सप्टेंबर १९३७ मध्ये खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबईच्या विधिमंडळात मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातील शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत निघाला. आणि १९४९ च्या कायद्याने खोती संपली. १९४८ च्या कूळकायद्यात पुढे दुरुस्ती होऊन १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला व त्या दिवशी कसणारे कूळ जमिनीचे मालक मानले गेले. तथापि मालक मानले जाणे वेगळे आणि कागदावर मालक होणे वेगळे. किंमत ठरली पाहिजे, ती भरली पाहिजे, कलम ३२-म चे प्रमाणपत्र मिळाले पाहिजे आणि त्यावरून फेरफार झाला पाहिजे. यातील एक पायरी राहिली तर घर पन्नास वर्षे त्याच जमिनीवर असूनही इतर हक्कांत ‘कूळ’ एवढीच नोंद राहते. ज्यांच्या सातबाऱ्यावर अशी नोंद असेल, त्यांनी घरातील पेट्या, फडताळे अवश्य पाहावीत. आजोबांनी किंमत भरल्याच्या पावत्या कधी कधी पोथीच्या पुठ्ठ्यात निघतात. कागदावरील एका नोंदीने काय होऊ शकते याचे उदाहरण जिल्ह्यातच आहे : आंबोली, चौकुळ व गेळे येथील कबुलायतदार गावकरांच्या जमिनींस शासनाचे नाव लागले, आणि पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीसाठी त्या गावांना दीर्घकाळ झगडावे लागले.

सातबारा हा आजचा मालक दाखवितो. घराण्याचा इतिहास दाखवितो तो फेरफार, म्हणजे गाव नमुना सहा. मालक मयत झाला की त्याचे वारस कोण, त्यांचे मयताशी नाते काय, हे तेथे लिहिले जाते. चार-पाच जुने फेरफार ओळीने लावले की घरची वंशावळ आपोआप उभी राहते. यात आमच्या भगिनींना एक गोष्ट खटकेल आणि ती खटकावी : अनेक जुन्या फेरफारांत मुलींची नावेच नाहीत. कायद्याने १९५६ साली मुलीला वडिलांच्या मिळकतीत वारसा दिला आणि २००५ साली एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलाइतका जन्मसिद्ध हक्क दिला. परंतु बहिणीचे नाव ‘नजरचुकीने’ राहून जाण्याची रीत आपल्या ज्ञातीतूनही गेली आहे, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. मुंबईकर बांधवांचीही गत काही वेगळी नाही. वडील वारल्यावर वारसांनी तीन महिन्यांत तलाठ्यास कळवावे असा नियम आहे. येथे तीस-तीस वर्षे कोणी कळवीत नाही, आणि मग चार गुंठ्यांच्या बागेस पंचवीस सहहिस्सेदार होतात, त्यांतील निम्मे हयात नसतात.

आता जन्म-मृत्यूच्या नोंदीविषयी, कारण जातीच्या दाखल्यासाठी सर्वांत उपयोगी पडते ती हीच. जुन्या काळी गावोगावच्या या नोंदी कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना चौदामध्ये होत आणि त्या तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात शोधाव्या लागतात. १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा आल्यानंतरच्या नोंदी ग्रामपंचायतीत किंवा शहरात नगरपरिषदेत मिळतात. कोतवाल बुकात मुलाचे नाव सहसा सापडत नाही, कारण बारशापूर्वीच नोंद होई. तेथे बापाचे नाव, जात, मुलगा की मुलगी आणि तारीख इतकेच असते. आडनावही अनेकदा नसते. ‘अमुक बिन अमुक’ एवढ्यावर काम भागे. त्यातून पहिले बाळंतपण माहेरी. म्हणजे आजोबा ज्येष्ठ पुत्र असतील तर त्यांच्या जन्माची नोंद आपल्या गावी नव्हे, पणजीच्या माहेरच्या गावी शोधली पाहिजे. ही साधी गोष्ट लक्षात न आल्यामुळे ‘नोंद आढळत नाही’ असा शेरा घेऊन कित्येक जण परत फिरतात.

जातपडताळणीचा कायदा २००० सालचा असून १८ ऑक्टोबर २००१ पासून अमलात आला. इतर मागासवर्गाकरिता १३ ऑक्टोबर १९६७ ही तारीख मानीव दिनांक आहे. त्या दिवशी आपले कुटुंब कोठे कायम राहत होते, त्यावरून दाखला कोठून घ्यावयाचा हे ठरते, आणि पुरावा त्या तारखेपूर्वीचा असला म्हणजे वजनदार ठरतो. आजोबा तेव्हा गावी होते की गिरणगावातील खोलीत, हे घरातील वडीलधाऱ्यांना आजच विचारून ठेवावे. प्राथमिक शाळेचे जनरल रजिस्टर हा दुसरा भक्कम पुरावा. तेथे विद्यार्थ्याचे नाव, जन्मतारीख व जात एका ओळीत सापडते. आपल्या ज्ञातीपुरता आणखी एक कागद आहे. १८७८ च्या अबकारी कायद्याने माडीच्या झाडांवर कर बसला आणि परवान्यावाचून माडी काढणे गुन्हा ठरला. त्या कायद्याने आपल्या धंद्याचे केवढे नुकसान केले हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. पण असा एखादा नावानिशी परवाना घरात असेल, तर तो रद्दीत जाऊ देऊ नये.

कचेरीत गेल्यावर तोंडी विचारणा करून परतू नये. लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी, आणि नोंद नसल्यास तसे लेखी उत्तर मागावे. २००५ चा माहिती अधिकार कायदा आणि २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा यांसाठीच आहेत. दुय्यम निबंधकाकडील स्थावर मिळकतीच्या दस्तांची सूची फी भरून कोणासही पाहता येते, हे फारच थोड्यांस माहीत असते.

राहता राहिली मोडी. जुनी कोतवाल बुके, शाळेची रजिस्टरे, खरेदीखते पुष्कळशी मोडीत आहेत, आणि समितीपुढे त्यांचे देवनागरी लिप्यंतर जाणकाराकडून करून द्यावे लागते. राज्याच्या पुराभिलेख विभागाकडून मोडीचे वर्ग घेतले जातात. ज्ञातीतील दोन-चार तरुणांनी ही लिपी हस्तगत केली, तर गावोगावच्या कुटुंबांची मोठी सोय होईल. तोपर्यंत घरातील मोडी कागद वाचून घेताना मूळ प्रत हातची सोडू नये, छायाप्रत द्यावी. कागद घडी घालून न ठेवता सपाट ठेवावा, आणि पावसाळ्यापूर्वी तो कोरड्या जागी हलवावा, कारण आपल्या किनाऱ्यावरील दमट हवेत कसर लागण्यास एक आगोट पुरते.