ठासणीच्या बंदुकीची गोळी

देऊळगाव राजा हे गाव ज्या वऱ्हाडात मोडते, त्याचा कारभार १८५३ मध्ये इंग्रजांकडे गेला. त्या काळी शिकारीला ठासणीची बंदूक वापरत. नळीच्या तोंडातून आधी दारू, मग चिंधीचा बोळा, त्यावर शिसे घालून गजाने ठासत.

जनावर पाहून शिसे निवडले जाई. पाखरांना बारीक छर्रे पुरत. काळविटासारख्या हरणाला मोठे छर्रे किंवा एकच गोळी लागे. सांबर आणि रोही यांना मात्र जड गोळीच हवी. शिसे ३२७ अंशांना वितळते, म्हणून चुलीवरही गोळ्या ओतता येत. एका पौंडात बारा गोळ्या बसल्या, तर ती बंदूक बारा बोअरची. तिच्या एका गोळीचे वजन सुमारे ३८ ग्रॅम. गोळीचा व्यास दुप्पट झाला की वजन आठपट होते. मऊ शिसे आदळताच पसरते. जाड कातडीच्या जनावरासाठी त्यात कथील मिसळून ते कठीण करीत.

१८७८ च्या शस्त्र कायद्याने बंदुकीला परवाना लागला. १९५९ च्या कायद्यात पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीला वाव राहिला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मात्र हौशी शिकारीला आळा घातला.