दहा राग आणि यंत्राचा ठेका

१९८२ साली मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला. त्याच वर्षी सिनेसंगीतातले वादक चरणजित सिंग यांची दहा राग डिस्को ठेक्यावर बसविलेली ध्वनिमुद्रिका निघाली. तीत तबलजी नाही. ताल जपानी रोलँड यंत्रांनी धरला. ती फारशी खपली नाही. १९८७ च्या सुमारास शिकागोत तशाच यंत्रांतून ‘ॲसिड हाऊस’ संगीत उदयास आले. २०१० साली ही मुद्रिका पुन्हा निघाली, तेव्हा जग चकित झाले.

शहापूर-मुरबाडच्या वाड्यांवर तारपा फुंकायला माणसाची छाती लागते. इथेही भैरव चरणजित सिंगांच्या बोटांतूनच उमटला; तबलजीचे काम मात्र यंत्राने घेतले. यंत्र खुशाल यावे. पण त्याने वाचविलेल्या श्रमाचा वाटा तबलजीच्याही घरी पोचला पाहिजे.