पलूसहून तालिकोटला

भिलवडीच्या घाटावर बसून तुम्ही हरिभाऊ आपट्यांची ‘वज्राघात’ वाचताय. विजयनगर बुडण्याची ही गोष्ट शंभर वर्षांहून जुनी, पण रामराजाचा दरबार भरला की अजून हातातून सुटत नाही. तरी पुस्तक क्षणभर मिटा आणि समोर बघा. याच कृष्णेच्या काठी, खाली राक्षसगी-तंगडगीजवळ, तालिकोटच्या लढाईत ते राज्य मोडलं. 23 जानेवारी 1565. चला, काठाकाठानं जाऊ.

घाट चढून वर येता तोवर पलूसच्या द्राक्षबागा गेलेल्या असतात. रेल्वेचे रूळ नाहीत. शेंगांचं रान नाही, मका नाही. काळ्या रानात शाळू उभा आहे, हुरड्यात आलेला. बांधावरचे अण्णा चंची सोडतात: पान, सुपारी, कात, चुना. तंबाखू मागाल तर ते नुसते तोंडाकडे बघतील, कारण ती विजापुरात पोचायला अजून बरीच वर्षं आहेत. दरबार, तलवारी, हत्ती लेखक दाखवतातच. मला त्या काळाचा भरवसा वाटतो तो या चंचीपाशी.

आता अण्णांना विचारा, हा मुलूख कुणाचा?

“इजापूरच्या पातशाचा. आन् कुणाचा असंल, बाबा?”

इथं तुम्ही चपापता. घाटावर वाचताना तुम्ही रामराजाच्या बाजूला होता, त्याच्यासाठी जीव खालीवर होत होता. पण 1565 साली पलूसचा माणूस अली आदिलशहाची रयत आहे. गावातला घोडा बाळगणारा एखादा त्याच्या फौजेत असणार. मराठे स्वार तिथं केव्हापासून चाकरी करतात. आणि भिलवडीचा हा डावा काठ धरून गेलं, की पुढं तोच कृष्णेचा उत्तर काठ होतो. सुलतानांची छावणी त्याच काठाला पडली आहे.

छावणीत आदिलशाही, निजामशाही, कुतुबशाही, बरीदशाही अशी चार निशाणं एकत्र आहेत. काल एकमेकांचे किल्ले ओढणारे हे लोक आज सोयरे झालेत. हुसेन निजामशहानं लेक चांदबीबी अलीला दिली आणि सोलापूर आंदण दिलं. पलीकडे उतारावर विजयनगरचा पहारा आहे. म्हणून सुलतानांची फौज दुसरा उतार शोधल्यासारखी काठानं चालत राहते, पलीकडचा पहाराही तिच्याबरोबर सरकतो, आणि मग ही फौज मागं वळून त्याच मोकळ्या उतारावरून पाणी ओलांडते. तुमचेही पाय भिजतात.

लढाईत धूळच फार. निजामशाही तोफांत तांब्याचे पैसे भरून डागल्याचं इतिहासकार फिरिश्ता लिहितो. समोरून येणारी माणसं त्या नाण्यांनी फाटतात. म्हाताऱ्या रामराजाची पालखी एका हत्तीच्या धडकीनं भोई टाकून पळतात. त्याला धरून हुसेन निजामशहापुढं नेतात आणि तिथंच मुंडकं उडवतात. ते भाल्यावर चढतं तेव्हा समोरची फौज पाठ फिरवते, आणि तुमच्या भोवतीचे स्वार, त्यात तुमच्या बोलीत बोलणारेही, आनंदानं ओरडत घोडे दक्षिणेकडं काढतात.

‘वज्राघात’ तुम्हाला या दिवसावर रडायला लावते, आणि ते रडणं खरं आहे. पण तुमच्या गावचा स्वार त्या संध्याकाळी विजयनगरची लूट घरी कशी न्यायची, याचाच विचार करतोय.