हुंडी, चोपडी आणि सरकारची दृष्टि

हुंडी म्हणजे काय, हें या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगण्याचें प्रयोजन नाहीं. पेशवाईंतील मोडी कागद ज्यानें चार दिवस चाळले, त्यास हुंडणावळ, दर्शनी हुंडी, मुदती हुंडी हे शब्द आपोआप पाठ होतात. प्रस्तुत प्रश्न निराळा आहे. क्रिप्टोकरन्सीच्या, म्हणजे कूटचलनाच्या, कैवाऱ्यांकडून असें प्रतिपादन होतें कीं, सरकारनें प्रजेच्या हरएक देवघेवीवर दृष्टि ठेवण्याची सोय करून घेतली असल्यानें पैशास एक स्वतंत्र मार्ग हवा, आणि आमची हुंडी हा त्याच मार्गाचा जुना अवतार होय. या विधानाचा पूर्वार्ध गंभीरपणें विचार करण्यासारखा आहे. उत्तरार्ध मात्र कसोटीस उतरत नाहीं.

शाहजोग हुंडीचेंच उदाहरण घेऊं. ती घेऊन येणाऱ्या कोणाहि इसमास पैसा देण्याचा रिवाज नव्हता; पेठेंत ज्याची पत आहे अशा 'शाहा'च्या हातींच तो द्यावयाचा. हुंडी मागाहून चोरीची किंवा बनावट निघाली तर त्या शाहानें रक्कम व्याजासह परत करावी. हुंडी गहाळ झाल्यास पैठ, तीहि गेल्यास परपैठ, अशी नकलेची सोय होती. पैसा चुकता झाला म्हणजे ती हुंडी खोखा होऊन दुकानांत पडून राही. सारांश, नांव, गांव, रक्कम, तिथि सर्व लिहिलेलें असे; अनामिक असें त्यांत कांहींच नव्हतें. परंतु हें ज्ञान पेठेपुरतें होतें. चोपडी सावकाराच्या घरीं, तिचें अक्षर त्याच्या मुनिमाचें. दरबारास ती पाहावयाची झाल्यास उंबरठा ओलांडून आंत यावें लागे.

आणि प्रसंगीं दरबार आंत येई. दौलतराव शिंद्यास कबूल केलेला पैसा उभारतां येईना, तेव्हां इ. स. १७९८ मध्यें दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दींत सर्जेराव घाटग्यानें पुण्यांत जो हाहाकार उडविला तो प्रसिद्धच आहे. नाना फडणविसांच्या पक्षाचे गृहस्थ, सावकार, व्यापारी यांस धरून नेऊन त्यांच्याकडून द्रव्य उकळण्यांत आलें. गंगाधरपंत भानू हे तापविलेल्या तोफेस बांधलेल्या स्थितींत मरण पावले, असें ग्रँट डफनें नमूद केलें आहे. कोणाजवळ किती आहे हें हिशेबावरून नव्हे, तर यातनांवरून ठरविण्याचा तो प्रकार होता. बंद चोपडीमुळें वांचले किती व चोपडी बंद म्हणून छळले गेले किती, याचा निवाडा करणें कठीण. जुन्या गुप्ततेचे गोडवे गाणाऱ्यांनीं पुण्याची ही हकीकत एकदां तरी वाचावी.

इंग्रजी अमलांत तोफेच्या जागीं नोटीस आली. जेम्स विल्सन यानें १८६० मध्यें आयकर आणिला. मद्रासचा गव्हर्नर ट्रेव्हेल्यन यानें त्यास उघड विरोध केला व त्यापायीं त्यास पद गमवावें लागलें. १८८६ च्या कायद्यानें हा कर कायमचा झाला. मध्यंतरीं १८८१ च्या परक्राम्य दस्तऐवजांच्या कायद्यानें देशी भाषांतील दस्तऐवजांबद्दलचे स्थानिक रिवाज अबाधित ठेविले, त्यामुळें हुंडीचा व्यवहार पेठेच्याच चालीनें चालू राहिला. १९२२ च्या आयकर कायद्यानें मात्र अधिकाऱ्यास हिशेबाच्या वह्या मागण्याचा स्पष्ट अधिकार दिला. येथें एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाहीं. त्याच कायद्याच्या ५४ व्या कलमान्वयें अशा रीतीनें हातीं आलेली माहिती गोपनीय मानावयाची होती, व ती फोडणारा सरकारी नोकर शिक्षेस पात्र होता. राज्यानें चोपडी पाहिली, पण पाहून झाल्यावर ती झांकून ठेवण्याचें वचनहि दिलें.

१९३७ चें प्रकरण या दृष्टीनें पुन्हा तपासण्याजोगें आहे. रिझर्व्ह बँक १ एप्रिल १९३५ रोजीं सुरू झाली. दोन वर्षांनीं तिनें देशी सराफांस आपल्याशीं जोडून घेण्याची एक योजना पुढें केली. सराफांनीं सराफीखेरीज इतर व्यापार सोडावा, ठराविक पद्धतीनें वह्या ठेवून त्या तपासून घ्याव्या, बँकेस पत्रकें पाठवावीं, तिची तपासणी मान्य करावी. मोबदल्यांत त्यांच्या हुंड्या बँक वटवील. सराफांनीं ही योजना नाकारली. अर्थशास्त्राच्या पुस्तकांतून हा त्यांचा हटवादीपणा म्हणून सांगितला जातो. आम्हांस हा निवाडा एकतर्फी वाटतो. व्यापार सोडण्यांत त्यांचें नुकसान होतें हें उघड आहे. पण वह्या उघड करण्याची अटहि तितकीच जाचक होती. ज्या पतीवर सराफाचें दुकान चालतें तिचा अर्धा भाग म्हणजे आपलें खातें शेजाऱ्याच्या कानीं जाणार नाहीं हा गिऱ्हाइकाचा भरंवसा. तो विकून वटणावळींतली सवलत घेणें हा सौदा त्यांस आंतबट्ट्याचा वाटला असल्यास नवल नाहीं.

स्वातंत्र्यानंतर पारडें फिरलें. १९२२ च्या कायद्यांतील गोपनीयतेचें वचन १९६१ च्या आयकर कायद्यांत १३७ व्या कलमाच्या रूपानें आलें होतें. तें १९६४ सालीं वगळण्यांत आलें. पुढें १ एप्रिल १९७७ पासून हुंडीवर घेतलेली वा फेडलेली रक्कम खात्यावरच जमा होणाऱ्या धनादेशानें दिलेली नसेल, तर ती उत्पन्न समजून तिजवर कर बसूं लागला. या नियमास सबळ कारण होतें हें कबूल केलें पाहिजे. काळा पैसा उसनवार दाखवून पांढरा करण्यासाठीं खोट्या हुंड्या लिहून देणारे लोक निघाले होते, व त्यांनींच हुंडीचें नांव बुडविलें. पण परिणाम असा झाला कीं, हुंडी दुकानांत राहिली आणि तिची नोंद बँकेंत गेली. चोपडी लिहिणारा आतां सावकाराचा मुनीम नव्हता.

बँकेंतील नोंद कोणाची? अमेरिकेंत १९७० च्या कायद्यास नांव 'बँक-गोपनीयते'चें, काम मात्र बँकांस नोंदी ठेवावयास व सरकारास कळवावयास लावण्याचें! १९७६ मध्यें मिलर खटल्यांत तेथील सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, बँकेकडील कागद बँकेचे. त्यांवर खातेदारास गोपनीयतेचा हक्क सांगतां येत नाहीं. आमच्या सर्वोच्च न्यायालयानें १ नोव्हेंबर २००४ रोजीं कॅनरा बँकेच्या खटल्यांत हा सिद्धांत नाकारला. आंध्र प्रदेशानें १९८६ मध्यें मुद्रांक कायद्याचें ७३ वें कलम बदलून बँकांतील खाजगी कागद तपासण्याची मोकळीक घेतली होती, ती न्यायालयानें रद्द केली. कागद बँकेच्या हवालीं केले म्हणून खातेदाराची गोपनीयता नाहींशी होत नाहीं, असा त्याचा आशय. योगायोग असा कीं, संशयास्पद व्यवहारांची माहिती बँकांकडून गोळा करणारी वित्तीय गुप्तवार्ता शाखा केंद्र सरकारनें त्याच नोव्हेंबर महिन्यांत स्थापिली.

ही पार्श्वभूमि ध्यानांत घेतां कूटचलनाची मागणी निराधार म्हणतां येत नाहीं. २००८ मध्यें सातोशी नाकामोतो या टोपणनांवानें लिहिणाऱ्यानें बिटकॉइनची कल्पना मांडली ती नेमकी मधल्या वहीदारास काढून टाकण्यासाठीं. परंतु त्याची वही कशी आहे? ती जगभर हजारों यंत्रांवर आहे आणि पहिल्या नोंदीपासून कोणासहि वाचतां येते. फक्त नांवें नाहींत. हुंडींत नांव पेठेस ठाऊक आणि व्यवहार जगास अज्ञात; येथें व्यवहार जगास ठाऊक आणि नांव अज्ञात. एकदां नांव कळलें कीं मागचापुढचा सर्व हिशेब उघडा पडतो. आणि नांव कळण्याची जागाहि ठरलेली आहे. रुपयाचें बिटकॉइन जेथें होतें तेथें सराफ बसलाच आहे! रिझर्व्ह बँकेनें ६ एप्रिल २०१८ रोजीं या धंद्याचीं बँकद्वारें बंद केलीं. सर्वोच्च न्यायालयानें ४ मार्च २०२० रोजीं तो हुकूम रद्द केला. तथापि १ जुलै २०२२ पासून अशा विक्रीवर शेंकडा एक करकपात सुरू झाली, आणि ७ मार्च २०२३ च्या अधिसूचनेनें या नव्या सराफांवर गिऱ्हाइकाची ओळख पटविण्याचें व संशय कळविण्याचें बंधन आलें. जुन्या पेठेंत हुंडी हरवली तर पैठ मिळे. स्वतःजवळ ठेवलेल्या कूटचलनाची किल्ली हरवली तर परपैठ लिहून देणारा कोणी नाहीं, हेंहि जातां जातां नमूद करावेंसें वाटतें.

१९२२ च्या कायद्याखालीं नोटीस आली म्हणजे व्यापारी आपल्या वह्या कचेरींत नेई. पुढें काय ठेविलें हें त्यास ठाऊक असे. २०२५ सालीं संमत झालेल्या आयकर कायद्यांत झडतीच्या अधिकाऱ्यास 'आभासी अंकीय अवकाशा'त, म्हणजे पत्रव्यवहार, बँकखातीं, गुंतवणुकीचे हिशेब जेथें असतात तेथें, प्रवेशाचा संकेतशब्द डावलून शिरण्याचा अधिकार आहे.