नागपूरची मध्यरात्र आणि विमानाचे दिवे

रफी अहमद किदवई यांचं नाव आपल्याकडे निघतं ते बहुतेक अन्नमंत्री म्हणून. धान्यावरचे निर्बंध सैल करणारा मंत्री, ही त्यांची ओळख. पण त्याआधी ते स्वतंत्र भारताचे पहिले दळणवळण मंत्री होते. त्या खात्यातल्या त्यांच्या एका कामाचा विदर्भाशी थेट संबंध आहे. ते काम म्हणजे 1949च्या जानेवारीत सुरू झालेली रात्रीची हवाई टपाल सेवा.

योजना साधी होती. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून रात्री एकेक विमान टपालाच्या थैल्या घेऊन निघायचं. मध्यरात्रीच्या सुमारास चारही विमानं नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर जमायची. थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि सकाळच्या आत विमानं आपापल्या शहरी परतायची. नागपूर देशाच्या मध्यावर, म्हणून हा मान त्याला मिळाला. यवतमाळहून जेमतेम दीडशे किलोमीटरवर हा खेळ रोज रात्री चालायचा. यवतमाळकरांसाठी मात्र तेव्हा मुर्तिजापूरला जाणारी शकुंतलाच मोठी गाडी होती.

या सेवेच्या इतिहासात वैमानिकांचं धाडस सांगितलं जातं. जमिनीवरच्या माणसाचं काय? अंधारात चार डकोटा विमानं, फिरणारे पंखे आणि त्यांच्या आसपास थैल्या वाहणारे हमाल. वेगात फिरणारा पंखा डोळ्यांना दिसत नाही. मग विमान जिवंत आहे की झोपलेलं, हे कळणार कसं?

इथेच दिव्यांची भाषा येते. डाव्या पंखावर लाल, उजव्यावर हिरवा आणि शेपटीला पांढरा दिवा, ही पद्धत विमानांनी जहाजांकडून घेतली. एकोणिसाव्या शतकातच समुद्रावर ती रुळली होती. त्यावरून विमानाचं तोंड कुठे आहे ते कळतं. इंजिन सुरू आहे की नाही, ते कळत नाही. लुकलुकणारा लाल दिवा 1950च्या दशकात प्रचारात आला आणि ही उणीव भरून निघाली. इंजिन सुरू करण्याआधी वैमानिक तो लावतो आणि इंजिन पूर्ण थांबल्यावरच विझवतो. त्याचा अर्थ एकच: जवळ येऊ नका.

बाकीच्या दिव्यांनाही शिस्त आहे. विमान जमिनीवर चालू लागलं की पुढचा दिवा लावायचा. थांबलं, किंवा समोर दुसरं विमान आलं, की विझवायचा, म्हणजे कुणाचे डोळे दिपत नाहीत. पांढरे चमकणारे दिवे धावपट्टीवर शिरताना लावायचे. उड्डाणाची परवानगी मिळाली की उतरण्याचे प्रखर दिवेही लावायचे. म्हणजे दिवा बघून दुसऱ्याला पुढची हालचाल ओळखता येते.

ही शिस्त रक्ताच्या किमतीवर शिकली गेली. 1 फेब्रुवारी 1991 रोजी लॉस एंजेलिसमध्ये एक छोटं विमान धावपट्टीवर परवानगीची वाट पाहत उभं होतं. वरून उतरणाऱ्या मोठ्या विमानाच्या वैमानिकांना त्याचे दिवे धावपट्टीच्या दिव्यांतून वेगळे ओळखता आले नाहीत. टक्कर झाली आणि 35 जण गेले. त्या छोट्या विमानाला तिथे थांबवून त्याच धावपट्टीवर दुसऱ्याला उतरू देण्याची चूक नियंत्रण मनोऱ्यातून झाली होती, हेही खरं.

पण दिवा एकटा पुरत नाही. 16 डिसेंबर 2015च्या रात्री मुंबई विमानतळावर एअर इंडियाचं विमान उड्डाणाच्या तयारीत असताना, सुरू झालेल्या इंजिनाने जवळच्या एका तंत्रज्ञाला ओढून घेतलं. देशातल्या सर्वांत गजबजलेल्या विमानतळांपैकी एकावर हे घडलं. इशारा देणारा, तो घेणारा आणि दोघांच्या मधला माणूस, या तिघांत एकमत हवं. नाहीतर दिवा नुसताच जळतो.

नागपूरची ती सेवा 1973 मध्ये बंद झाली. यवतमाळचा विमानतळ 2009 मध्ये राज्याने इतर चार विमानतळांसोबत खासगी कंपनीला भाडेपट्ट्याने दिला. नियमित प्रवासी सेवा तिथे रुजली नाही. छोट्या शहरांच्या विमानतळांची चर्चा होते तेव्हा आपण भूमिपूजन आणि उद्घाटनांचं बोलतो. रात्री धावपट्टीलगत काम करणाऱ्याला कोण शिकवणार, त्याला कोणता दिवा दिसणार, हे विचारत नाही. किदवईंच्या योजनेचं श्रेय लिहिताना थैल्या वाहणाऱ्या त्या हातांनाही जागा द्यायला हवी. इतिहासात त्यांची नावं नाहीत. निदान त्यांच्यासाठी लागणारा लाल दिवा तरी आपल्याला ओळखता यावा.