शून्य सावली : घरगुती विज्ञानप्रयोगाची संहिता आणि तिचा बालवाचक

'सूर्य डोक्यावर आला' हा मराठी वाक्प्रचार वर्षातील कोणत्याही भर दुपारला लागू पडतो. अंगणात ओळंब्याने उभ्या केलेल्या काठीची साक्ष मात्र वेगळी असते. कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या दरम्यानच्या गावी सूर्य वर्षातून दोनच दिवस खरोखर माथ्यावर येतो, आणि तेही घड्याळात बारा वाजले असताना येईलच असे नाही. बेंगळुरूत हे दिवस 24-25 एप्रिल आणि 18 ऑगस्टच्या सुमारास पडतात. एप्रिलमधील तो क्षण 12 वाजून 17-18 मिनिटांचा असतो. 25 एप्रिल 2023 रोजी कोरमंगला येथील भारतीय ताराभौतिकी संस्थेने आपल्या आवारात हा 'शून्य सावली दिवस' लोकांसमवेत साजरा केला. कन्नडमधील 'नेरळु' आणि मराठीतील 'सावली' हे शब्द भिन्न कुळांतले. पण दोन्ही भाषांतील मुलाला या दिवशी करावयाची कृती एकच आहे.

मुलांनी घरी करावयाच्या प्रयोगांचे लेखन साहित्येतिहासात बहुधा उपयुक्त वाङ्मयाच्या सदरात ढकलले जाते. वास्तविक या लेखनाला स्वतःचा रूपबंध आहे. त्याचे क्रियापद आज्ञार्थी असते, त्याचा संबोधित वाचक मूल असते आणि त्यातील महत्त्वाचे वाक्य लेखकाने लिहायचे नसते. ते वाक्य, म्हणजे निरीक्षण, वाचकाने भरावयाचे असते. शंकूच्या सावलीचा इतिहास या दृष्टीने तपासण्याजोगा आहे.

भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (1150) छायाव्यवहाराचे स्वतंत्र प्रकरण आहे. बारा अंगुळांचा शंकू, दिव्याची उंची आणि दोहोंमधील अंतर यांवरून सावली काढण्याची उदाहरणे त्यात येतात. हा ग्रंथ वाचकाला बालिका, सखी अशा संबोधनांनी हाक मारतो. चाळीसगावजवळच्या पाटणे येथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला. तेथील 1207 च्या सुमाराच्या शिलालेखाचा काही भाग मराठीत आहे. मराठी लेखनाच्या आरंभकाळीच हे शास्त्र तिच्या शेजारी नांदत होते, असे म्हणता येते. मात्र 'लीलावती'तील उदाहरणांची मापे ग्रंथकाराने दिलेली आहेत. वाचकाने करायचे ते गणित. शंकू रोवायला त्याला कोणी सांगत नाही.

कोरमंगलाच्या संस्थेची परंपरा अठराव्या शतकातील मद्रास वेधशाळेपर्यंत मागे जाते. तेथील सहायक चिंतामणी रघुनाथाचारी यांनी 1874 च्या शुक्राच्या अधिक्रमणाविषयी पुस्तिका लिहिली आणि ती तमिळसह एकाहून अधिक भाषांत काढली. वेधशाळेचे ज्ञान देशी भाषांत आणण्याचा तो महत्त्वाचा यत्न होता. पण तिथेही जे घडणार आहे ते समजावून सांगण्यावरच मुख्यतः भर होता. मोजमाप वेधशाळेचे, आकलन वाचकाचे, अशी ती विभागणी होती.

ही विभागणी मोडण्याची प्रेरणा विसाव्या शतकात दुसऱ्या महायुद्धानंतर बळावली. युद्धात उद्ध्वस्त झालेल्या देशांतील शिक्षकांसाठी 1948 मध्ये युनेस्कोने एक पुस्तिका काढली. हाताशी असलेल्या साध्या वस्तूंतून उपकरणे करण्याचे तिचे सूत्र 1956 च्या विस्तृत संदर्भग्रंथात विकसित झाले. मध्य प्रदेशात 1972 मध्ये सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाने, पुढे तो 2002 मध्ये बंद होईपर्यंत, प्रयोगातून शिकण्याचे तत्त्व सरकारी शाळांत राबवले. त्या कार्यक्रमाशी संबंध आलेले अरविंद गुप्ता पुढे पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत काम करू लागले. आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांपासून केलेल्या त्यांच्या खेळण्यांची पुस्तके मराठीसह अनेक भारतीय भाषांत गेली. या पुस्तकांच्या भाषांतराचा खरा प्रश्न शब्दांपेक्षा वस्तूंचा असतो: जी वस्तू मुलाच्या घरात नाही, तिचे नाव अचूक भाषांतरित होऊनही प्रयोग होत नाही.

काठीपुरता हा प्रश्न उद्भवत नाही. शिवाय शून्य सावलीचा प्रयोग लंडन वा पॅरिसच्या मुलाला आपल्या अंगणात करता येत नाही, दिल्लीच्याही नाही. संपूर्ण महाराष्ट्र आणि कर्नाटक मात्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेस आहे. त्यातही पुण्याचा पहिला दिवस 13 मेच्या आसपास, मुंबईचा 15 मेच्या आसपास, म्हणजे शाळेच्या सुट्टीत येतो. दुसरा दिवस जुलैअखेरीस बहुधा ढगांत हरवतो. त्यामुळे हा प्रयोग शाळेचा राहत नाही, तो घराचा होतो. हेच घर 16 फेब्रुवारी 1980 रोजी, कर्नाटकातून खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा गेला तेव्हा, अनेक मुलांना दारे लावून आत बसवणारे होते. सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी न पाहण्याची सूचना रास्त होती. पण सावली पाहण्यात तो धोका नव्हता. निषेधाच्या जागी मोजमाप आणणे, हे अशा प्रयोगाचे सांस्कृतिक कार्य आहे.

त्याची कसोटी आकड्यापाशी लागते. बेंगळुरूत सावली नाहीशी होते त्या दिवशी पुण्यात, तेथील मध्यान्ही म्हणजे साधारण 12 वाजून 32 मिनिटांनी, एक मीटर काठीची सावली सुमारे 9.7 सेंटिमीटर पडते. त्यावरून सुमारे साडेपाच अंशांचा कोन मिळतो. दोन्ही शहरांमधील दक्षिणोत्तर अंतर, रस्त्याचे नव्हे, सुमारे 616 किलोमीटर आहे. दोन घरांतील मुले दूरध्वनीवरून आपापली मापे सांगून, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात इरॅटोस्थेनिसने वापरलेल्या युक्तीने, पृथ्वीचा परीघ काढू शकतात. तो सुमारे 40,000 किलोमीटर यावा. पण सूर्यबिंब अर्ध्या अंशाचे असल्याने सावलीची कड जवळजवळ 9 मिलिमीटर विरळ असते, आणि एका मिलिमीटरच्या फरकाने परीघ 400 किलोमीटरनी बदलतो. मुलाचे उत्तर 37,000 येणे अगदी संभवनीय आहे.

या ठिकाणी मुलाने वहीत काय लिहावे? उत्तर आधी ठरवून मापे मागाहून बसवण्याची रीत शालेय प्रयोगवह्यांना अपरिचित नाही. 40,000 लिहिणारे मूल पुस्तकाची नक्कल करते. 37,000 लिहून त्याखाली सावलीची कड धूसर होती अशी नोंद करणारे मूल संहितेतील रिकामी जागा खऱ्या अर्थाने भरते. 'लीलावती'ने वाचकाला गणित दिले, रघुनाथाचारींनी आकलन दिले. घरगुती प्रयोगाच्या लेखनाने त्याला चुकीचा, पण स्वतःचा आकडा लिहिण्याचा अधिकार दिला. या वाङ्मयप्रकाराचे मूल्यमापन करताना भाषेच्या सुबोधतेइतकाच हा अधिकार वाचकापर्यंत पोहोचतो की नाही, हा निकष लावावा लागेल.