झाशीचा ध्यानचंद

झाशीच्या जुन्या तटाला दहा दरवाजे होते. त्यांतील एकाचे नाव खंडेराव दरवाजा. बुंदेलखंडाच्या भूमीत हे नाव कानी पडले, की मराठी मन सहजच राणी लक्ष्मीबाई आणि १८५८ चा वेढा यांच्याकडे वळते. परंतु विसाव्या शतकात या शहराला जी कीर्ती लाभली, ती तटाबाहेरच्या मैदानांनी मिळवून दिली. हॉकीपटू ध्यानचंद यांना सारे जग ओळखते. ते झाशीचे होते, एवढे मात्र आपण विसरतो.

त्यांचा जन्म २९ ऑगस्ट १९०५ रोजी अलाहाबादेस झाला. वडील लष्करात शिपाई. बदल्यांच्या फेऱ्यांनंतर झाशीस घरापुरती जागा मिळाली आणि कुटुंब तेथेच स्थिरावले. १९२२ साली ध्यानचंदही पलटणीत भरती झाले. हॉकीची काठी त्यांनी खऱ्या अर्थाने हाती धरली ती तेथेच, सुभेदार-मेजर बाले तिवारी यांच्या नजरेखाली. १९२६ साली लष्कराचा संघ न्यूझीलंडला गेला. एकवीसपैकी अठरा सामने जिंकून तो परतला, तेव्हा या साध्या शिपायाला लान्स नाईक करण्यात आले. पराक्रमाच्या मानाने बढती अगदीच बेताची!

ॲमस्टरडॅमच्या १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये भारताने २९ गोल केले. त्यांतले चौदा ध्यानचंदांचे, आणि भारतावर एकही गोल झाला नाही. १९३२ मध्ये लॉस एंजेलिसला अमेरिकेचा २४-१ असा पाडाव झाला. त्या दिवशी धाकटे बंधू रूपसिंग यांनी दहा गोल केले व ध्यानचंदांनी आठ. वडील भावाला मागे टाकणारा भाऊ त्याच घरात वाढला होता!

बर्लिनला १९३६ साली ते कर्णधार होते. सरावाच्या सामन्यात जर्मनीने ४-१ अशी मात केल्याने संघ अस्वस्थ होता. अंतिम सामन्यापूर्वी पंकज गुप्ता यांनी खेळाडूंच्या खोलीत काँग्रेसचा तिरंगा पुढे केला, आणि साऱ्यांनी त्याला वंदन केले. ब्रिटिश सेनेतल्या चाकराने असे करणे ही साधी गोष्ट नव्हती. तारीख होती १५ ऑगस्ट. भारत ८-१ ने जिंकला.

इतके सारे घडूनही आपला सर्वोत्तम सामना कोणता, असे विचारता ध्यानचंद ऑलिंपिकचे नाव घेत नसत. १९५२ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्यांनी १९३३ च्या बायटन चषकाचा अंतिम सामना निवडला. कलकत्त्याच्या मैदानावर बलाढ्य कस्टम्स संघाशी गाठ होती आणि ध्यानचंद खेळत होते ते आपल्या गावच्या ‘झाशी हीरोज’ संघाकडून. त्यांनी दिलेल्या चेंडूवर इस्माईल यांनी गोल केला आणि तेवढ्या एका गोलावर सामना जिंकला. जगज्जेत्याचे मन गावच्या संघात असे गुंतलेले होते.

१९५६ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. उत्तरायुष्य मात्र ओढगस्तीत गेले. ३ डिसेंबर १९७९ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. पार्थिव झाशीस आणण्यात आले, आणि स्मशानाऐवजी हीरोज मैदानावरच त्यांना अग्नी देण्यात आला.